मृत्युपत्र, मिळकत आणि कारकुनाची लेखणी

(सोलापूर येथे वकिलांच्या कारकुनांसाठी झालेल्या प्रशिक्षण वर्गात एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचा हा संपादित पाठ.)



मी वकील नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि आयुष्यभर पत्रकारिता केली आहे. त्यामुळे कायद्याची कलमे शिकवण्याचा अधिकार मला नाही. ते काम या वर्गात जाणकार मंडळी करणारच आहेत. परंतु न्यायालयाच्या बातम्या लिहिताना एक गोष्ट मला सतत जाणवत आली. निकालपत्रात न्यायाधीशांचे नाव असते, दोन्ही बाजूंच्या वकिलांचे असते, वादी-प्रतिवादींचे असते. कारकुनाचे नाव कोठेही नसते. मात्र ज्या कागदावर तो निकाल उभा असतो, तो कागद बहुधा कारकुनाच्याच हाताखालून गेलेला असतो. मृत्युपत्राच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. खरेदीखतात चूक राहिली तर दोन्ही पक्ष जिवंत असतात, चूकदुरुस्तीचा दस्त करता येतो. मृत्युपत्राची परीक्षा मात्र ते करणारा माणूस गेल्यानंतर सुरू होते. ‘मला असे म्हणायचे होते’ हे सांगायला तो परत येत नाही. त्याच्या वतीने बोलतो तो कागद, आणि त्या कागदाला बोलते करणारी लेखणी तुमची असते. म्हणून या वर्गाचे महत्त्व मला एखाद्या मोठ्या परिषदेहून कमी वाटत नाही.

लोकमान्यांनी वाहिलेले ओझे

मृत्युपत्र आणि मिळकतीची व्यवस्था हा विषय किती गंभीर आहे, याचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण लोकमान्य टिळकांचे आहे. लोकमान्यांनी एके काळी पुण्यात वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी कायद्याचा वर्ग चालवला होता, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. कायदा शिकवणारा तो माणूस पुढे स्वतः एका मृत्युपत्राचा विश्वस्त झाला.

पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित पटकीने आजारी पडले आणि ७ ऑगस्ट १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. मृत्युपत्रात त्यांनी टिळक, दादासाहेब खापर्डे आदी विश्वासू मंडळींच्या हाती आपल्या मिळकतीची व्यवस्था सोपवली. काळ कोणता होता ते पाहा. राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडलेले टिळक नुकतेच जामिनावर सुटून आले होते, आणि पुढच्याच महिन्यात त्यांना दीड वर्षाची सजा झाली. मित्राच्या अंथरुणाशेजारी दिलेला शब्द मात्र त्यांनी टाकला नाही. मिळकतीवर कर्ज होते, पत्नी ताई महाराज वयाने लहान होत्या. बाबा महाराजांच्या पश्चात झालेला मुलगा अल्पावधीतच गेला. मृत्युपत्राच्या आशयानुसार दत्तक घेणे प्राप्त झाले. जून १९०१ मध्ये औरंगाबादला जगन्नाथ याचे दत्तविधान झाले. पुढे ताई महाराजांनी ते नाकारले आणि दुसरा दत्तक घेतला. तेथून जे खटले सुरू झाले, त्यांनी टिळकांचा पिच्छा वर्षानुवर्षे सोडला नाही.

१९०२ मध्ये जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी विश्वस्तांचा प्रोबेट रद्द केला आणि टिळकांवर फौजदारी कारवाईचा मार्ग मोकळा केला. शपथेवर खोटे सांगितल्याच्या आरोपावरून १९०३ मध्ये त्यांना शिक्षाही झाली. मार्च १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. दिवाणी दावा मात्र चालूच राहिला. खालच्या न्यायालयात यश आले, १९१० मध्ये उच्च न्यायालयात अपयश आले आणि अखेर २६ मार्च १९१५ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचे दत्तविधान ग्राह्य धरून टिळकांच्या बाजूने निर्णय दिला. मृत्युपत्रापासून अखेरच्या निकालापर्यंत जवळजवळ अठरा वर्षे गेली. मंडालेचा सहा वर्षांचा तुरुंगवासही याच काळातला.

या कथेतून लोकमान्यांचे धैर्य आपण नेहमीच सांगतो. आज मला दुसरी बाजू सांगायची आहे. कायद्याचे इतके ज्ञान, इतका निर्मळ हेतू आणि एवढा लौकिक असलेल्या माणसालाही दुसऱ्याची मिळकत सांभाळताना प्रत्येक पाऊल पुराव्याने सिद्ध करावे लागले. नुसता चांगुलपणा न्यायालयात चालत नाही. त्या त्या वेळी, त्या त्या ठिकाणी झालेले कागद आणि जबान्या यांच्यावरच हा झगडा लढला गेला. मग आपल्या पूर्व भागातील एखाद्या यंत्रमाग कामगाराच्या विधवेची काय कथा? तिच्या मागे ना लौकिक, ना खापर्ड्यांसारखे स्नेही. तिच्यामागे असतो एक कागद. तो धड असला तर ती तरते.

साक्षीदार कोठे होता?

एक प्रसंग सांगतो. नावे सांगणार नाही. मृत्युपत्राचा दावा चालला होता. एका सेवानिवृत्त गृहस्थांनी आपले राहते घर अविवाहित मुलीला दिले होते. आईवडिलांचे शेवटचे आजारपण तिनेच काढले होते. पुतण्यांनी हरकत घेतली. मृत्युपत्र नीट टंकलिखित होते, दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. उलटतपासणीत वकिलांनी साक्षीदाराला एकच प्रश्न विचारला, ‘‘तुम्ही सही कोठे केली?’’ साक्षीदार सरळ माणूस. म्हणाला, ‘‘माझ्या घरी. कागद संध्याकाळी माझ्याकडे पाठवला होता.’’ दुसरा साक्षीदार त्यापूर्वीच वारला होता. त्या एका उत्तराबरोबर मृत्युपत्राचा कणा मोडला. बाहेर व्हरांड्यात ती मुलगी आपल्या वकिलांना विचारत होती, ‘‘पण बाबांची सही खरी आहे ना?’’ सही खरीच होती. तेवढ्याने भागत नाही, हे तिला त्या क्षणी कोण समजावणार?

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्र करणाऱ्याची सही किंवा अंगठा लागतो आणि किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येक साक्षीदाराने ती सही होताना पाहिलेली असावी, किंवा ‘ही सही माझी आहे’ अशी कबुली मृत्युपत्र करणाऱ्याने त्याला स्वतः दिलेली असावी. शिवाय साक्षीदाराने स्वतःची सही मृत्युपत्र करणाऱ्याच्या समक्षच केली पाहिजे. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे कायदा म्हणत नाही. पण शहाणा कारकून सर्वांना एकाच बैठकीत बसवतो. त्याला ठाऊक असते की पंधरा वर्षांनी ‘कोण कोठे होते’ हा प्रश्न येणारच आहे. कागद कोणाच्या घरी सहीसाठी पाठवणे ही वरकरणी सोय वाटते. प्रत्यक्षात तो घात असतो.

कचेऱ्यांच्या आवारात चहाच्या मोबदल्यात साक्षीला उभी राहणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. असा साक्षीदार मृत्युपत्राला घेऊ नये. साक्षीदार ओळखीचा, स्थिर पत्त्याचा आणि शक्यतो मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने लहान असावा. ज्याला मिळकत मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. हिंदूंच्या बाबतीत केवळ त्या कारणाने देणगी रद्द होत नाही, परंतु संशयाला जागा होते आणि संशय हाच मृत्युपत्राचा खरा शत्रू आहे.

या संशयाविषयीचा मूलभूत निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५८ मध्ये दिला. व्यंकटाचल अय्यंगार विरुद्ध थिम्मजम्मा हे ते प्रकरण, आणि निकालपत्र लिहिले ते साताऱ्याचे सुपुत्र न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. त्या प्रकरणात मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यानेच ते तयार करण्यात पुढाकार घेतला होता आणि त्याच्याच मुलांना मोठा लाभ होणार होता. ते मृत्युपत्र न्यायालयाने मान्य केले नाही. संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याचे ओझे मृत्युपत्र मांडणाऱ्यावर असते, हे तत्त्व तेव्हापासून दृढ झाले. आपल्या रोजच्या कामात याचा अर्थ अगदी साधा आहे. मुलगा वडिलांना घेऊन कार्यालयात आला आणि स्वतःच सगळे सांगू लागला, तर त्याला नम्रपणे बाहेर बसवावे. वडिलांकडून ऐकावे, आणि त्यांच्याच तोंडून.

कोणाच्या भाषेत वाचून दाखवले?

आपल्या सोलापूरला एक वैशिष्ट्य आहे, आणि तेच येथील कारकुनाचे खास कर्तव्यही आहे. या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू शेजारी शेजारी नांदतात. पूर्व भागातील पद्मशाली कुटुंबात आजी तेलुगूत विचार करते. अक्कलकोटकडचा शेतकरी घरात कन्नड बोलतो. मृत्युपत्र मात्र मराठीत टंकलिखित होते आणि शेवटी एक ठरीव वाक्य येते : ‘सदर मृत्युपत्र मी वाचून पाहिले व ते बरोबर आहे.’ आजींना मराठी वाचता येत नसेल, तर हे वाक्य खोटे आहे. खोट्या वाक्याने संपणारा कागद न्यायालयात खरा कसा ठरणार? तेथे ‘अमुक व्यक्तीने मजकूर तेलुगूत समजावून सांगितला, तो मला समजला’ असे लिहावे, आणि समजावणाऱ्याचे नाव व सही घ्यावी. अंगठा असेल तर कोणत्या हाताचा, तो कोणी ओळखला, हे नमूद करावे. दोन ओळींचे काम आहे. त्या दोन ओळींवर एखाद्या सुनेचे छप्पर टिकते.

जुना मसुदा पुढे ओढण्याची सवयही आवरायला हवी. संगणकाने काम सोपे केले, तशी एक आपत्तीही आणली. एकाच्या मृत्युपत्रात दुसऱ्याच्या आजोबांचे नाव, मोहोळच्या जमिनीला बार्शीची चतुःसीमा! हसू येते खरे, पण हे हसू त्या घराला फार महाग पडते.

मिळकत आली कोठून?

आता मिळकतीच्या मुळाकडे येऊ. हिंदू उत्तराधिकाराच्या विचाराचा एक महान ग्रंथ आपल्या शेजारी लिहिला गेला. हैदराबाद रस्त्यालगतचे बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या काळात विज्ञानेश्वराने तेथे ‘मिताक्षरा’ लिहिली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतः निर्माण होतो, हा तिचा सिद्धान्त. आठ-नऊ शतकांनंतरही सोलापूरच्या दिवाणी न्यायालयात त्याच सिद्धान्ताच्या आधारे वाद होतात. फरक एवढाच की आता कन्या त्या हक्काच्या बरोबरीच्या धनी आहेत. महाराष्ट्राने १९९४ मध्येच कायद्यात बदल केला, पुढे २००५ मध्ये देशभर दुरुस्ती झाली, आणि वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने विनिता शर्मा प्रकरणात ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले.

म्हणून कारकुनाचा पहिला प्रश्न ‘कोणाला द्यायचे?’ हा नसावा. ‘हे तुमच्याकडे कसे आले?’ हा असावा. खरेदीने आले, वाटणीपत्राने आले, बक्षीसपत्राने आले की वडिलांमागे वारसाने? स्वकष्टार्जित मिळकतीचे मृत्युपत्र माणूस आपल्या इच्छेने करू शकतो. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत तो फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरते करू शकतो. हे न विचारता ‘माझा संपूर्ण वाडा थोरल्या मुलास’ असे लिहून टाकले, तर आपण मृत्युपत्र लिहिले नाही, दाव्याचे बीज पेरले. त्याचबरोबर कुटुंबाची पूर्ण वंशावळ घ्यावी. सासरी गेलेल्या मुली, दिवंगत मुलाची मुले, कोणीही सुटू नये. कोणाला काही द्यायचे नसेल तर त्याचे नाव घेऊन कारण लिहावे. मौनापेक्षा कारण बरे.

माणूस गेल्यानंतरचे काम

पक्षकार गेला, तेरावा झाला आणि घरातील माणसे पिशवीभर कागद घेऊन कार्यालयात आली. येथे कारकुनाची दुसरी परीक्षा सुरू होते. त्यांना कोणता दाखला हवा आहे, हेच पुष्कळदा त्यांना ठाऊक नसते. बँकेतील ठेवी, रोखे, येणे रकमा यांसाठी १९२५ च्या कायद्याखालचे उत्तराधिकार प्रमाणपत्र. वारस म्हणून न्यायालयाची रीतसर मान्यता हवी तर १८२७ चे मुंबई रेग्युलेशन आठवे. एल्फिन्स्टनच्या काळातील तो नियम महाराष्ट्रात आजही वापरात आहे. शेतजमिनीसाठी तलाठ्याकडे, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, तीन महिन्यांच्या आत वर्दी देऊन फेरफार. आणि फेरफार ही महसुली नोंद आहे, त्याने मालकी सिद्ध होत नाही, हेही त्याच वेळी सांगावे. एका दाखल्याऐवजी दुसरा मागितला तर दुःखात असलेल्या घराचे वर्ष फुकट जाते.

मृत्युपत्रात व्यवस्थापक नेमलेला असेल तर त्याचे दप्तर ठेवणे हे बहुधा तुमच्याकडेच येते. प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि एका वर्षात हिशेब न्यायालयाला द्यायचा असतो. देण्यांचा क्रमही कायद्याने घालून दिला आहे. आधी अंत्यविधीचा आणि अखेरच्या आजारपणाचा खर्च, मग प्रोबेट वगैरेंचा खर्च. त्यानंतर मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांत काम केलेल्या मजुराची, कारागिराची, घरगड्याची मजुरी. नंतर इतर कर्जे. आणि हे सारे भागल्यावर मृत्युपत्राप्रमाणे वाटप. हा क्रम मी प्रथम वाचला तेव्हा मनोमन हात जोडले. धुणेभांडी करणाऱ्या बाईचा पगार मुलाच्या वाट्याच्या आधी! ऋण फेडल्यावाचून सुटका नाही, हा आपला संस्कारच येथे कायद्याच्या भाषेत उभा आहे. हिशेबाच्या वहीत ती ओळ लिहायला कारकून विसरला, तर तिची आठवण करून द्यायला ती बाई न्यायालयात येणार नाही.

जुन्या पाठांतराचा धोका

आपल्या क्षेत्रात विद्या वडीलधाऱ्या कारकुनाकडून मिळते. ही परंपरा थोर आहे. परंतु कायदा बदलतो आणि पाठांतर तसेच राहते. मृत्युपत्र सिद्ध करायला किमान एक साक्षीदार तपासावा लागतो, ही तरतूद पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ६८ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६७ मध्ये आहे. सोलापूरच्या माणसाची मुंबईत खोली असली की तेवढ्यासाठी प्रोबेट सक्तीचे, असे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. ती सक्ती करणारे कलम २१३ संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये वगळले. प्रोबेट घेण्याची सोय मात्र कायम आहे, आणि भाऊबंदकीचा वास असेल तेथे ते घेणे हिताचे. बँक खात्यावर १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नावांपर्यंत नामनिर्देशन करता येते. पण नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८३ मध्ये आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले आहे. ‘नॉमिनी लावला आहे, मृत्युपत्र कशाला?’ असे म्हणणाऱ्या पक्षकाराला हे आपणच समजावायचे आहे. आपली अपिलेही १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी कोल्हापूरच्या खंडपीठाकडे जातात. एवढे बदल थोड्या वर्षांत झाले. ते चहाच्या टपरीवर कानावर येण्याची वाट पाहणे परवडणारे नाही.

म्हणून माझी आग्रहाची सूचना अशी की, हा वर्ग एका दिवसात संपू नये. पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, सांगोला, करमाळा अशा प्रत्येक न्यायालयाच्या गावी महिन्यातून एक संध्याकाळ अशी बैठक व्हावी. ज्येष्ठ वकिलांनी एक निकाल सांगावा, ज्येष्ठ कारकुनांनी एक फसलेला मसुदा समोर ठेवावा, आणि नव्यांनी त्यातील उणिवा शोधाव्यात. तेलुगू व कन्नड जाणणाऱ्या सहकाऱ्यांची यादी प्रत्येक बार रूममध्ये लावावी. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी ऐच्छिक असली तरी उपयोगी आहे, जिल्हा निबंधकाकडे ते मोहोरबंद पाकिटात ठेवता येते, नोंदवलेले मृत्युपत्रही न्यायालयात सिद्ध करावेच लागते, या चार गोष्टी साध्या मराठीत छापून प्रत्येक पक्षकाराच्या हाती द्याव्यात.

आणखी एक गोष्ट कोणत्याही पुस्तकात नाही, म्हणून सांगतो. मृत्युपत्रातील मजकूर पक्षकार जिवंत असेपर्यंत तुमच्या तोंडून बाहेर पडता कामा नये. गाव लहान असते, नातीगोती गुंतलेली असतात, आणि ‘सहज’ विचारणारा मेहुणा चहा पाजतो. त्या वेळी ‘मला माहीत नाही’ म्हणणारा कारकून त्या म्हाताऱ्या माणसाचे उरलेले दिवस सुखाचे करतो. घरातली मुले त्याच्याशी प्रेमाने वागतात ती वाट्यासाठी की मायेने, हा प्रश्न त्याला पडू नये, एवढी तरी शांती आपण त्याला देऊ शकतो.

घरी गेल्यावर प्रत्येकाने आजच एक काम करावे. आपल्या स्वतःच्या घराच्या मिळकतीची यादी लिहावी. काय आहे, ते कोठून आले, कागद कोठे ठेवले आहेत आणि कोणाचे किती देणे आहे, एवढेच. ती लिहिताना जे अडेल, ते पुढच्या बैठकीत आणावे. आपला अभ्यास तेथूनच सुरू होऊ द्या.